देणारी तीच, पण तिला विचारलं का?

आम्हा हिंजवडीच्या बायकांच्या गप्पांत हल्ली एक नवा विषय आलाय. पूर्वी टँकरचं पाणी, शाळेची बस आणि फेज टूचा ट्रॅफिक एवढ्यावर गप्पा संपायच्या. आता नवऱ्यांच्या हेल्थ चेकअपचे रिपोर्ट निघतात. कंपनी दरवर्षी तपासणी करून देते, फाईल घरी येते आणि सोनोग्राफीच्या कागदावर तळाशी एक ओळ असते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. पुढच्या वर्षी ‘ग्रेड टू’. मग "अगं, सगळ्यांनाच असतं ते," असं म्हणून फाईल कपाटात जाते.

सगळ्यांनाच असतं, हे तसं खोटंही नाही. हैदराबादच्या आयटी कर्मचाऱ्यांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ३४५ जणांपैकी ८४ टक्के लोकांच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी सापडली. आपल्याकडेही तीच खुर्ची, तीच रात्रपाळी आणि रात्री अकराला मागवलेली तीच बिर्याणी. हिंजवडीचा आकडा फार निराळा निघेल असं मला तरी वाटत नाही.

यातल्या बहुतेकांचं पुढे काही बिघडत नाही. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवलं, चालणं वाढवलं, तर ही चरबी कमीही होते. पण थोड्या जणांच्या यकृताला सूज येते, सुजेच्या जागी व्रण पडतात आणि वर्षानुवर्षं व्रणावर व्रण साचत जाऊन ते घट्ट, गाठाळ होतं. याला सिऱ्हॉसिस म्हणतात. दारूनं होतो, हिपॅटायटिस बी आणि सीनं होतो, आणि थेंबभर दारू न पिणाऱ्यालाही नुसत्या चरबीनं होऊ शकतो. यकृत मोठं सोशिक. बरंच खराब होईपर्यंत तक्रार करत नाही. करतं तेव्हा एकदम करतं. पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. मग डॉक्टर म्हणतात, ‘प्रत्यारोपण’. आणि पुढचा प्रश्न असतो, घरात द्यायला कोण आहे?

आज मला लिहायचंय ते या प्रश्नाबद्दल.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आला. यजमान फेज टूमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर, वय पंचेचाळीस. ‘ग्रेड टू’ची फाईल चार वर्षं कपाटात होती. एका रात्री रक्ताची उलटी झाली आणि पुढच्या पंधरा दिवसांत सगळं उलगडलं. दर पंधरवड्याला पोटातलं पाणी काढायला न्यावं लागायचं. डॉक्टरांनी रक्तगट जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी करायला सांगितली. यादीत दोन नावं आली, धाकटा भाऊ आणि वहिनी. घरात बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "त्याची लेकरं अजून लहान आहेत." वहिनींचीही दोन मुलं शाळेत जाणारी आहेत, ही गोष्ट त्या बैठकीत कुणाला आठवली नाही. दिरांची साधी रक्ततपासणीसुद्धा झाली नाही. विषय संपला.

पुढच्या तपासण्यांना सोबत म्हणून मी जायची. या तपासण्या म्हणजे काय असतात ते सांगते, कारण पुष्कळ जणींना वाटतं की रक्तगट जुळला की झालं. रक्ताच्या वीसेक चाचण्या. मग सीटी स्कॅन, त्यात यकृताचं आकारमान मोजतात आणि चरबी किती तेही कळतं. पित्तनलिका कशा फुटल्या आहेत हे पाहायला वेगळा एमआरआय. हृदय, फुप्फुसं, स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्या माणसाला द्यायचं तर साधारणपणे यकृताचा उजवा भाग काढतात, म्हणजे साठ-पासष्ट टक्के. देणारीकडे निदान तीस-पस्तीस टक्के उरलं पाहिजे, नाहीतर डॉक्टर पुढे जात नाहीत. उजव्या भागाबरोबर पित्ताशयही जातं. उरलेलं यकृत दोन-तीन महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याइतकं होतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच मोठ्या अवयवाला हे जमत नाही. किडनी एक दिली की एकच राहते.

एका दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर बाईंनी वहिनींना एकटीला आत बोलावलं. मला बाहेर बसवलं, दिरांनाही. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. मला म्हणाल्या, "ताई, त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला द्यायचंय का? महिनाभरात हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

आणखीही एक गोष्ट त्यांना आत सांगितली गेली होती. द्यायचं नसेल तर इथेच सांगा, घरच्यांना आम्ही ‘वैद्यकीय कारणामुळे जमत नाही’ एवढंच कळवू, खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. प्रत्यारोपणाच्या चांगल्या केंद्रांत ही पद्धत जगभर आहे. आपल्याकडे ती किती बायकांना ठाऊक असते? ही पळवाट नव्हे. ‘हो’ म्हणायचं तर ‘नाही’ म्हणायची मोकळीक असावी लागते, नाहीतर त्या ‘हो’ला अर्थ काय?

वहिनींनी चार दिवस मागून घेतले, आईकडे कराडला जाऊन आल्या. आई म्हणाली, "पोट तुझं आहे बाई, तू ठरव." परत आल्या आणि हो म्हणाल्या. मग नवीनच अडचण. त्यांच्याच यकृतात चरबी निघाली! एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, मग बघू. दहा आठवडे रोज पहाटे साडेपाचला माणच्या रस्त्यानं त्या तासभर चालायच्या. साखर बंद, तळलेलं बंद. आठ किलो उतरवले. दुसऱ्यांदा स्कॅन केला तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली. तोवर घरात एकच धास्ती, की तिचं वजन उतरेपर्यंत त्याचं शरीर थांबेल का.

थांबलं. ऑपरेशन झालं, तिचं आठ तास, त्याचं बारा. दोघंही आज बरे आहेत. त्याला आयुष्यभर औषधं आहेत, म्हणजे शरीरानं परकं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, ठरल्या वेळी, न चुकता. तिला त्या नाहीत.

पण खरी गोष्ट मला दिसली ती त्या घरी आल्यानंतर. त्याची खोली वेगळी, मास्क लावून आत जायचं, ताटवाटी उकळून घ्यायची. हे योग्यच, जंतुसंसर्गाची भीती असते. पण पाहुणे बाहेर हॉलमध्ये बसायचे, "साहेब कसे आहेत?" विचारायचे आणि चहा करायला उठायची ती, पोटावर वीतभर टाके असलेली बाई. ऑपरेशनला सतरा दिवस झाले होते. मी कप हातातून काढून घेतला तर सासूबाई म्हणाल्या, "ती धडधाकट आहे हो, आजारी तो होता."

हाच तर घोटाळा आहे. देणारी आजारी नसतेच. धडधाकट बाई स्वतःच्या पायांनी ऑपरेशन थिएटरमध्ये जाते आणि पेशंट होऊन बाहेर येते. तिच्या आजाराला नाव नसतं, म्हणून त्याला पथ्यही नसतं.

आमच्या गावाचं दैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला बगाड जातं. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचतात, हजारो लोक त्याच्या नावानं ‘चांगभलं’चा गजर करतात. गावासाठी अंगावर जखम घेणाऱ्याचा केवढा मान! वहिनींच्या जखमेला निदान एक कप चहा आयता मिळावा एवढी माझी अपेक्षा होती.

वहिनींचं घर म्हणजे अपवाद असेल म्हणून मी आकडे पाहिले. नोटो, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था, तिची आकडेवारी आहे. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंत व्यक्तींनी अवयव देण्याच्या ५६,५०९ घटना झाल्या, त्यांतल्या ३६,०३८ दात्या स्त्रिया. शंभरातल्या चौसष्ट. आणि अवयव मिळाले कुणाला? पुरुष ३९,४४७, स्त्रिया १७,०४१. यातला काही फरक आजाराचाही आहे, दारूनं यकृत खराब होणाऱ्यांत पुरुष जास्त. पण स्त्रियांनाही सिऱ्हॉसिस होतो, किडन्याही निकामी होतात. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर हल्ला करण्याचे काही विकार तर बायकांतच अधिक आढळतात. त्या बायका यादीपर्यंत पोचत नाहीत, डायलिसिसवर निभावून नेतात, किंवा "माझ्यासाठी कशाला एवढा खर्च" असं म्हणतात. खर्च खासगी रुग्णालयात वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो, त्यामुळे हे वाक्य घरच्यांना पटतंही लवकर. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोनं राज्यांना सूचना दिली, प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना आणि पूर्वी अवयवदान झालेल्या मृत दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या म्हणून. संस्थेलाच असं सांगावंसं वाटलं, यात सगळं आलं.

बापांनी, भावांनी दिलंच नाही असं मात्र कुणी समजू नये. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जिवंत दात्याच्या यकृताचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तिथे देणारी एक जपानी आई होती. पण भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीला झालं, तेव्हा वीस महिन्यांच्या बाळाला यकृताचा तुकडा दिला तो बापानं. ते बाळ पुढे डॉक्टर झालं.

आता कायद्याचं बोलू, कारण यात आपल्या बाजूचं बरंच काही आहे आणि ते कुणी आपल्याला सांगत नाही. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली, नियम २०१४ चे. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. सून या यादीत नाही, जावईही नाही. सासऱ्याला सुनेनं द्यायचं तर प्रकरण मान्यता देणाऱ्या समितीपुढे जातं. २०१४ च्या नियमांत तर स्वतंत्र कलमच आहे: दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. दात्याच्या मुलाखतीचं चित्रीकरण होतं. तेव्हा ते कोऑर्डिनेटर बाईंचं एकटीला आत बोलावणं हे कुणाचे उपकार नव्हते.

याची गरज काय, असं वाटत असेल तर २०२२ साली पुण्यात उघड झालेलं प्रकरण आठवा. कोल्हापूरकडच्या एका बाईला पैशांचं आमिष दाखवून रुग्णाची बायको म्हणून कागदोपत्री उभं केलं आणि तिची किडनी काढली. ठरलेले पैसे मिळाले नाहीत तेव्हा तिनं तोंड उघडलं. ‘बायको आहे’ म्हटलं की कुणी फार खोलात शिरत नाही, हे दलालांना आपल्याआधी कळलं होतं.

दुसरी बाजूही आहे. बाईला द्यायचं असतं, पण सासरला ते नको असतं. विवाहित मुलीला आपल्या वडिलांना किडनी द्यायची होती, रुग्णालयानं नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कायद्यात नवऱ्याच्या परवानगीची अट नाही. तिचं शरीर तिचं आहे. म्हणजे नवऱ्याला दिलं तर कर्तव्य आणि बापाला द्यायचं तर परवानगी, हा हिशेब आपल्या घरांचा आहे, कायद्याचा नव्हे.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. यकृताचा भाग देणाऱ्याच्या मृत्यूचा धोका साधारणपणे दोनशे ते पाचशे ऑपरेशनांमागे एक असा सांगितला जातो. पित्त गळणं, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पुढे हर्निया, हे त्याहून बरंच जास्त वेळा होतं, आणि बहुतेक वेळा उपचारांनी निस्तरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात यकृताच्या प्रत्यारोपणानंतर नवरा गेला आणि त्याला यकृताचा भाग देणारी बायकोही काही दिवसांत गेली. आरोग्य खात्यानं रुग्णालयाकडून खुलासा मागितला. ती बातमी आली त्या दिवशी वहिनी वर आल्या नाहीत, खाली आल्या नाहीत, फोनही घेतला नाही. संध्याकाळी मीच गेले. म्हणाल्या, "मला हा आकडा सांगितला होता ताई. पण तेव्हा तो आकडा होता."

हा धोका कुणाच्याही बाईनं घेऊ नये, यासाठी एक रस्ता आहे. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव. अपघातात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदू कायमचा थांबतो, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू असतं, तेव्हा चार डॉक्टरांचं पथक निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तसं प्रमाणित करतं. नातेवाइकांनी संमती दिली तर यकृत, दोन किडन्या, स्वादुपिंड, आतडं, हृदय, फुप्फुसं एवढ्यांचा उपयोग होतो. पुणे विभागातली प्रतीक्षायादी आणि वाटप झेडटीसीसी ही संस्था पाहते. पण आपल्याकडे यकृताची बहुतांश प्रत्यारोपणं जिवंत दात्यांवरच चालतात, कारण मृत दाते फार कमी. हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती एकामागून एक उठत होत्या त्या काळातले मुख्यमंत्री विलासराव देशमुख आठवतात ना? ऑगस्ट २०१२ मध्ये ते केंद्रीय मंत्री होते, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊन चेन्नईच्या रुग्णालयात. मेंदूमृत दाता मिळत होता, पण अवयव काढण्याआधीच त्याचं हृदय थांबलं. १४ ऑगस्टला विलासराव गेले. सत्ता, पैसा, उत्तम डॉक्टर सगळं हाताशी होतं, अवयव नव्हता. म्हणून अवयवदानाचा अर्ज भरायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना तसं बोलून ठेवायचं, कारण त्या वेळी शेवटी सही त्यांचीच लागते.

घरात देणारी ठरलीच तर काही गोष्टी ऑपरेशनच्या आधी ठरवाव्यात, असं माझं मत झालंय. एक तर, रक्तगट जुळणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हावी, निदान रक्ताची तरी. रक्तगट जुळत नसेल तरी दोन कुटुंबांत अदलाबदल करून प्रत्यारोपण करण्याची सोय २०११ च्या दुरुस्तीनं केली आहे. दुसरं विम्याचं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दात्याच्या ऑपरेशनचा खर्च बहुधा असतो, पण तिला नंतर काही झालं तर तो खर्च बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. एचआरला लेखी विचारा. वहिनींच्या यजमानांनी विचारलं नव्हतं. आणि रजा! केंद्र सरकारी कर्मचाऱ्यानं अवयव दिला तर २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. गृहिणीची रजा कोण मंजूर करणार? तिच्या ४२ दिवसांचा स्वयंपाक, मुलांचे डबे, आजाऱ्याची औषधं कुणाकडे, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, दिरांच्या नावासकट.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये याच विषयावर बसलो होतो. वहिनीही बोलल्या, पहिल्यांदाच. बायकांनी त्यांना मनमोकळे प्रश्न विचारले. व्रण किती मोठा? बरगडीखाली आडवा आणि मधोमध उभा, साडीत झाकतो, पण हसलं की ओढतो, असं त्या हसतच म्हणाल्या. एक नवी लग्न झालेली मुलगी, तिच्या भावाच्या यकृताचं चाललंय, तिनं दबक्या आवाजात विचारलं, पुढे मूल होईल ना? होतं. वर्षभर तरी थांबायला सांगतात, आणि दिवस राहिले की प्रसूतितज्ज्ञांना आधीच कल्पना द्यायची. जड उचलायचं नाही म्हणजे नक्की काय, हेही कुणीतरी विचारलं. पाच किलोच्या वर काही नाही. पाण्याची बादली नाही, सिलिंडर सरकवायचा नाही, गव्हाचा डबा गिरणीत न्यायचा नाही, दोन वर्षांचं पोर कडेवर घ्यायचं नाही. तीन महिने.